ताटाची डावी बाजू

आमच्या घरी ताट अजूनही रीतीने वाढलं जातं. डावीकडे मीठ, लिंबू, लोणचं, ठेचा. उजवीकडे भाजी आणि वरण. बाबांना ठेच्याशिवाय घास उतरत नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी ते आईवर चिडले, "ठेचा काहून नाही वाढला?" ठेचा ताटातच होता. भातसुद्धा उजवीकडून कोरल्यासारखा अर्धाच संपला होता. मी ताट उलटं फिरवलं, तेव्हा म्हणाले, "हां, आता वाढला." आणि शांतपणे जेवले.

त्याआधीचं थोडक्यात सांगते. बाबांना झोपेतच लकव्याचा झटका आला आणि आम्हाला सकाळी कळलं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ती वेळ निघून गेली होती. मेंदूच्या उजव्या भागाची रक्तवाहिनी बंद पडली होती, त्यामुळे डावा हात लुळा पडला. नऊ दिवसांनी आम्ही नागपूरच्या महाल भागातल्या घरी परतलो. डिस्चार्जच्या कागदावर बीपी, गोळ्या, हाताचे व्यायाम असं सगळं होतं; पण डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही, याबद्दल एक ओळ नव्हती.

आम्हालाही शंका आली नाही, कारण बाबांचं बोलणं शाबूत होतं. बहुतेक माणसांत भाषेचा मुख्य कारभार मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात चालतो आणि इजा झाली होती उजव्या भागाला. बाबा आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे टपाल सेवेत, सॉर्टर होते. भेटायला येणाऱ्यांना ते काटोल, नरखेड, पांढुर्णा, आमला, बैतूल, इटारसी अशी स्टेशनं घडाघडा म्हणून दाखवायचे. डोकं एकदम साफ आहे, असं सगळे म्हणायचे. मग उजवाच गाल दाढी केलेला का, सदऱ्याची डावी बाही रिकामी लोंबते का, डावीकडून हाक मारली तर ओ का देत नाहीत? आम्ही त्याला हट्ट म्हटलं. मी त्यांच्यावर ओरडले. एकदा नाही, कितीतरी वेळा. हे लिहायचं मुख्य कारण तेच आहे.

आधी आम्ही चष्म्याचा नंबर तपासला. नवा चष्मा आला, काही फरक पडला नाही. पेपर वाचताना बाबांनी विचारलं, "कुठं पूर आला बाप्पा?" मथळ्यात "नागपूर" होतं. त्यांना फक्त "पूर" दिसलं होतं. त्याच संध्याकाळी मी धंतोलीतल्या एका न्यूरोलॉजिस्ट मॅडमची वेळ घेतली.

तपासणीसाठी कागद-पेन्सिलच पुरली. आडवी रेघ दिली आणि मधोमध खूण करायला सांगितलं. बाबांनी ती उजव्या टोकाकडे केली. पानभर विखुरलेल्या छोट्या रेघा खोडायला सांगितल्या. डावीकडच्या तशाच राहिल्या. घड्याळ काढताना बाराही आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसवले. मग मॅडमनी डावीकडे एकच बोट हलवलं, ते त्यांना दिसलं. दोन्हीकडे एकदम हलवलं, तेव्हा मात्र फक्त उजवं.

म्हणजे डोळा बघत होता, मेंदू दखल घेत नव्हता. याला हेमिस्पेशियल निग्लेक्ट म्हणतात. मराठीत त्याला "दुर्लक्ष" म्हणायला माझं मन घेत नाही, कारण दुर्लक्ष माणूस करतो, आणि बाबा काहीच करत नव्हते. लकव्यानंतर काहींची अर्धी नजरच जाते. तसा माणूस जाणीव झाली की मान वळवून बघतो. निग्लेक्टमध्ये मान वळवावी असं वाटतच नाही, कारण तिकडे काही आहे हेच मनात येत नाही. मॅडमनी कारणही समजावलं. एका प्रचलित मांडणीनुसार मेंदूचा डावा भाग मुख्यतः उजव्या बाजूकडे लक्ष देतो, उजवा भाग मात्र दोन्हीकडे. डाव्या भागाला इजा झाली तर उजवा बरंचसं सांभाळून घेतो. उजव्यालाच इजा झाली, तर डावी बाजू सांभाळायला फारसं कुणी उरत नाही.

पण मला खरं हलवलं ते रोजची कामं पुन्हा शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने विचारलेल्या एका प्रश्नाने. त्या म्हणाल्या, "काका, डोळे मिटा. घरातून निघून चौकाकडे चाला. काय काय लागतं?" बाबा म्हणाले, पिठाची गिरणी, मारुतीचं देऊळ, शिंप्याचं दुकान. सगळी उजव्या हाताची. "आता चौकातून घराकडे परत या." तर किराणा, सायकलवाला, पानठेला! जाताना जे त्यांच्या गल्लीत नव्हतंच, ते परत येताना हजर झालं. चाळीस वर्षांची पायाखालची गल्ली. आठवण पुसली गेली नव्हती. मनातल्या चित्रातही डावीकडे लक्ष जात नव्हतं. एदोआर्दो बिसियाक आणि क्लाउदिओ लुझात्ती या इटलीतल्या संशोधकांनी मिलानच्या दोन रुग्णांना तिथल्या कॅथेड्रलच्या चौकाबद्दल असंच विचारलं होतं आणि 1978 साली ते प्रसिद्ध केलं. मिलानचा तो चौक आणि आमची महालातली गल्ली, उत्तर एकच. मी तिथेच रडले. ज्यांच्या मनातसुद्धा डावी बाजू उरली नव्हती, त्यांना मी "नीट बघा ना" म्हणून दटावत होते.

मग उपचार. प्रिझमचा चष्मा सगळं दृश्य दहा अंश उजवीकडे सरकवतो. तो लावून समोरच्या खुणेवर बोट ठेवायचं. आधी बोट उजवीकडे चुकतं, हळूहळू हात जुळवून घेतो. चष्मा काढला की काही काळ हात डावीकडे झुकतो आणि त्याबरोबर लक्षही. फ्रान्समधल्या इव्ह रोसेत्ती आणि सहकाऱ्यांनी हे 1998 मध्ये दाखवलं. पुढच्या सगळ्या अभ्यासांत तितकाच फायदा दिसलेला नाही, हे थेरपिस्टने आधीच स्पष्ट सांगितलं. आम्ही दोन आठवडे केलं. त्यानंतर रेघेवरची खूण मध्याच्या जवळ आली.

रोजच्या जगण्यात जास्त उपयोगी पडली ती लाल पट्टी. पेपरच्या डाव्या कडेला उभी लाल पट्टी चिकटवायची आणि ती दिसेपर्यंत बोट मागे न्यायचं, मगच ओळ सुरू करायची. आपली लिपी डावीकडून सुरू होते, शिवाय पहिली वेलांटीही अक्षराच्या डावीकडे बसते. म्हणून बाबांना शिरोरेषेवरून बोट फिरवत वाचायला शिकवलं. जेवताना ताटाच्या काठावरून बोटाची पूर्ण फेरी. बोलताना आधी त्यांच्या उजवीकडे बसायचं, मग हळूहळू खुर्ची डावीकडे सरकवायची.

सगळ्यात अवघड होतं ते बाबांना पटवणं. आपल्याला काही झालंय हेच अशा रुग्णाला अनेकदा कळत नाही. फ्रेंच न्यूरोलॉजिस्ट बाबिन्स्कीने 1914 मध्ये त्याला अ‍ॅनोसोग्नोसिया हे नाव दिलं. चार महिने बाबा पट्टी काढून फेकायचे. "हे पोरखेळ कशाला?" आम्ही परत चिकटवायचो, आणि या वेळी न ओरडता.

आता वर्ष होत आलं. गांधीसागर तलावावर फिरायला जाताना अजून आमच्यापैकी एकजण त्यांच्या डाव्या बाजूने चालतो. रस्ता एकट्याने ओलांडू देत नाही. दमले की घड्याळाचे आकडे पुन्हा उजवीकडे दाटतात.

पट्टी रोज सकाळी आई लावते. काल ती घाईत विसरली. बाबांनी पेपर उघडला, थांबले, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "अहो, माझी लाल पट्टी राहिली."