ट्रकवरचा माल मालगाडीवर: संशोधनाचा माझा अनुभव

रस्त्याने जाणारा माल रेल्वेकडे किंवा जलमार्गाकडे वळवता येईल का, आणि वळवला तर कर्ब उत्सर्जन खरोखर किती घटेल, हा माझ्या पीएच.डी.चा विषय होता. या विषयात पाऊल टाकणाऱ्याला आधी एकच तुलना ऐकवली जाते. युरोपीय पर्यावरण संस्थेने २०१८ या वर्षासाठी दिलेल्या अंदाजानुसार एक टन माल एक किलोमीटर नेताना जड ट्रकमुळे सुमारे १३७ ग्रॅम, तर मालगाडीमुळे सुमारे २४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते. तफावत एवढी उघड असताना संशोधन करायला उरते काय, असे माझ्या मार्गदर्शकांनी पहिल्याच बैठकीत विचारले. फायदा उघड असूनही माल रस्ता सोडत नाही, त्यामुळे तो का सोडत नाही हाच प्रश्न धरून पुढे जायचे, असे त्या बैठकीत ठरले.

सुरुवातीचा काळ आजवरच्या धोरणांचा इतिहास वाचण्यात गेला आणि तो सत्कारणी लागला. युरोपीय आयोगाच्या २०११ च्या श्वेतपत्रिकेत असे उद्दिष्ट होते की, ३०० किलोमीटरपेक्षा लांब पल्ल्याच्या रस्ते मालवाहतुकीपैकी ३० टक्के वाहतूक २०३० पर्यंत आणि निम्म्याहून अधिक २०५० पर्यंत रेल्वे व जलमार्गांवर यावी. त्याच्याही आधी, २००३ मध्ये, अशा स्थलांतराला अनुदान देणारी मार्को पोलो योजना सुरू झाली होती. २०१३ मध्ये युरोपीय लेखापरीक्षकांनी तिचा हिशोब तपासला, तेव्हा परिणाम मर्यादित असल्याचे, शिवाय काही प्रकल्प अनुदान नसते तरी सुरू झाले असते असे ठळक संकेत असल्याचे त्यांनी नोंदवले. हा शेराच माझ्या संशोधनाच्या आराखड्याला सर्वाधिक उपयोगी पडला, कारण ‘किती माल वळला’ एवढे मोजून भागत नाही. ‘एरवी किती वळला असता’ हेही मांडावे लागते.

स्वित्झर्लंडचे उदाहरण प्रत्येक परिसंवादात निघतेच. तिथे १९९४ मध्ये जनतेने मतदानाने आल्प्स ओलांडणारा माल रेल्वेवर नेण्याचा कौल दिला, २००१ पासून जड वाहनांवर वजन आणि अंतरानुसार शुल्क लागू झाले आणि २०१६ मध्ये रेल्वेसाठीचा ५७ किलोमीटर लांबीचा गोट्थार्ड पायथा बोगदा खुला झाला. आज आल्प्स ओलांडून जाणाऱ्या मालापैकी बहुतांश माल तिथे रेल्वेने जातो, तरीही वर्षाला जास्तीत जास्त साडेसहा लाख ट्रकफेऱ्यांचे ठरवलेले लक्ष्य गाठले गेलेले नाही. माझे मत असे की, या उदाहरणाचा दाखला देणाऱ्यांनी डोंगराचाही उल्लेख करायला हवा. ट्रकला मोजकेच घाट आणि बोगदे उपलब्ध असतील तिथे शुल्क वसूल करणे सोपे असते. सपाट प्रदेशात, दहा समांतर रस्ते असताना, तेच धोरण जसेच्या तसे चालेल असे मानायला फारसा आधार नाही.

खरे काम उत्सर्जनाच्या हिशोबापासून सुरू झाले. प्रति टन-किलोमीटर आकडा फक्त रुळांवरच्या प्रवासापुरता असतो. माल मात्र कारखान्याच्या दारातून निघून ग्राहकाच्या दारात पोहोचायचा असतो. समजा, रस्त्याने अंतर ५०० किलोमीटर आहे. रेल्वेचा मार्ग वळसा घेत ५८० किलोमीटरचा होतो आणि दोन्ही टोकांना टर्मिनलपर्यंत प्रत्येकी ४० किलोमीटर ट्रक लागतो. वरचे आकडे वापरले तर सरळ ट्रकने एका टनामागे सुमारे ६८.५ किलो उत्सर्जन होते. रेल्वेच्या पर्यायात रुळांवरचे सुमारे १३.९ किलो आणि दोन्ही टोकांच्या ट्रकचे सुमारे ११ किलो मिळून २४.९ किलो होतात. म्हणजे ऐंशी किलोमीटरचा ट्रक सुमारे साडेचारशे किलोमीटरच्या मालगाडीच्या बरोबरीला येऊन बसतो. बचत अजूनही भरघोस आहे, पण कागदावर दिसणारी ८२ टक्क्यांची बचत ६४ टक्क्यांवर आलेली असते, आणि यात टर्मिनलवरची चढउतार धरलेलीच नाही. टोकाचा ट्रक एका दिशेने रिकामा धावत असेल, आणि तो बहुधा धावतोच, तर ती आणखी घटते.

या हिशोबात अंतर कोणते धरायचे, हा वरवर किरकोळ वाटणारा मुद्दा निकालच फिरवू शकतो. उत्सर्जनाला प्रत्यक्ष धावलेल्या अंतराने भागले, तर जितका लांबचा वळसा तितके टन-किलोमीटर वाढतात आणि प्रति एकक आकडा विनाकारण देखणा दिसतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयएसओ १४०८३ या वाहतुकीचे उत्सर्जन मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाने ही पळवाट बुजवली आहे. त्यात वाहतुकीचे अंतर म्हणून दोन ठिकाणांमधले सर्वांत कमी व्यवहार्य अंतर किंवा पृथ्वीच्या पृष्ठभागावरचे सरळ अंतर धरायचे असते, रिकाम्या फेऱ्यांचा भार भरलेल्या मालावर टाकायचा असतो आणि टर्मिनलवरच्या उलाढालीचे उत्सर्जनही साखळीत मोजायचे असते. माझी सगळी गणिते मी याच मानकावर बसवली. त्यामुळे परीक्षकांशी होणारे निम्मे वाद टळले, असे आता म्हणता येते.

माहिती मिळवणे ही मात्र वेगळीच कसरत होती. वाहतुकीचा दर म्हणजे वाहतूकदाराचा जीव की प्राण. तो स्पर्धकाच्या हाती लागेल या भीतीने कोणीही बिले दाखवायला तयार नसे. शेवटी विद्यापीठाच्या विधी कक्षाकडून गोपनीयतेचा करार तयार करून घेतला आणि दर रकमेत न घेता, ज्याच्या त्याच्या ट्रकच्या दराला १०० मानून त्याच्या प्रमाणात घेतले. कराराचा मसुदा इकडून तिकडे फिरण्यात जो वेळ गेला, त्याबद्दल न लिहिलेलेच बरे. या विषयात येणाऱ्याने हे काम पहिल्या सत्रातच हाती घ्यावे, एवढे सांगतो.

संगणकावर न कळणाऱ्या गोष्टी टर्मिनलच्या यार्डात उभे राहिल्यावर कळल्या. चालक खाली उतरतो, कंटेनरच्या चारही कोपऱ्यांतली कुलपे एकेक करून सोडतो, रीच स्टॅकर हे उचलयंत्र वरून पकड बसवून तो उचलतो आणि वाघिणीवर नेऊन टेकवतो. या उचलाउचलीला काही मिनिटेच लागतात. वेळ जातो तो आधी: फाटकावरच्या रांगेत, कागदपत्रे जुळण्यात आणि गाडीचा माल स्वीकारण्याची मुदत ती सुटण्याच्या बरीच आधी संपत असल्यामुळे. एका ट्रेलरला तर नुसते पाहूनच परत पाठवले, कारण त्याच्या खालच्या बाजूला उचलण्याच्या पकडीसाठी खाचा नव्हत्या. रस्त्यावर धावणाऱ्या ट्रेलरांपैकी फार मोठा हिस्सा असाच, उचलता न येणारा असतो. मॉडेलमध्ये हा सगळा माल ‘वळवण्याजोगा’ म्हणून मोजला जात असतो, हे पाहिल्यावर मी पात्र मालाची व्याख्याच आवळली.

पर्याय कसा निवडला जातो हे जाणण्यासाठी मी कंपन्यांमध्ये माल रवाना करण्याची जबाबदारी असलेल्यांकडून काल्पनिक पर्यायांतून निवड करून घेणारे सर्वेक्षण केले. त्यांच्यासमोर ट्रक आणि रेल्वे यांच्या जोड्या ठेवल्या. प्रत्येक जोडीत दर, लागणारा वेळ, विश्वासार्हता आणि आठवड्यातल्या फेऱ्या बदलत्या ठेवल्या. उत्तरांचे विश्लेषण लॉजिट मॉडेलने, म्हणजे कोणता पर्याय निवडला जाण्याची शक्यता किती हे काढणाऱ्या संख्याशास्त्रीय पद्धतीने केले. ज्या कामासाठी डॅनियल मॅकफॅडन यांना २००० चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्याच परंपरेतले हे मॉडेल आहे. विश्वासार्हता ‘प्रमाण विचलन’ म्हणून विचारली असती तर समोरच्याने नम्रपणे मान हलवून काहीही खूण केली असती, म्हणून ‘दहा खेपांपैकी किती वेळेवर पोहोचतात’ अशी मांडली. ही भाषा सगळ्यांची रोजची होती.

एका कारखान्याच्या डिस्पॅच विभागातल्या अधिकाऱ्यांनी प्रश्नावली भरता भरता पेन खाली ठेवले आणि विचारले, “ट्रक कुठे अडकला तर मी ड्रायव्हरला फोन लावतो. तुमची मालगाडी अडकली तर मी कोणाला फोन लावू, ते सांगा.” हा घटक माझ्या तक्त्यात नव्हता, पण माझ्या मते दरापेक्षा त्याचे वजन कमी नाही. माझ्या विनंतीवरून त्यांनी उशिरा पोहोचलेल्या मालाची नोंदवही उघडून दाखवली: तारीख, माल, किती तास उशीर आणि शेवटच्या रकान्यात लाल शाईत ‘लाइन बंद’ किंवा ‘लाइन चालू’. सरासरी उशीर किती, याची नोंद त्या वहीत कुठेच नव्हती. उत्पादन थांबले की नाही एवढेच पाहिले जात होते.

या निरीक्षणाला सिद्धान्ताचा आधार जुनाच आहे. विल्यम बॉमॉल आणि एच. डी. विनोद या अर्थशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये मांडले की, वाटेतला माल हा चालताफिरता साठाच असतो आणि माल पाठवणारा भाडे, वेळ आणि अनिश्चितता यांचा एकत्र हिशोब करतो. वाहतूक जितकी बेभरवशाची, तितका गोदामात जादा साठा ठेवावा लागतो. आणि रेल्वेने माल मोठ्या खेपांत येत असल्याने तो साठा आणखी फुगतो. भाड्यात वाचलेला पैसा गोदामात अडकतो. ज्यांना रेल्वे स्वस्त असूनही परवडत नव्हती, त्यांच्यापैकी अनेकांचे कोडे याने सुटले.

पर्यायी मार्ग नसणे हीदेखील अनिश्चितताच असते. ऑगस्ट २०१७ मध्ये जर्मनीतील रास्टाट येथे बोगद्याचे काम चालू असताना वरचे रूळ खचले आणि ऱ्हाइन खोऱ्यातला मुख्य रेल्वेमार्ग ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत बंद राहिला. पुढच्याच वर्षी ऱ्हाइन नदीची पातळी इतकी उतरली की काउब येथील मोजपट्टीवर २५ सेंटिमीटर पाणी नोंदवले गेले आणि बार्जना, म्हणजे मालवाहू नौकांना, अगदी कमी माल घेऊन जावे लागले. दोन्ही घटनांत ट्रकला वळसा घेता येत होता.

प्रबंधात मी शेवटी असा निष्कर्ष मांडला की, अनुदानाचा पैसा भाडे कमी करण्यापेक्षा फेऱ्यांची वारंवारता, अडलेल्या मालाची खबर देणारी जबाबदार व्यक्ती आणि उचलता येणारे ट्रेलर यांवर आधी खर्च व्हावा. परीक्षकांपैकी एकांनी तोंडी परीक्षेत विचारले की, ट्रक कमी झाल्याने मोकळ्या झालेल्या रस्त्यावर नवी वाहतूक येणार नाही कशावरून? ती काही प्रमाणात येते आणि म्हणूनच रस्ता-शुल्क सोबत नसेल तर माझ्या आकड्यांतून काही वाटा वजा करावा लागेल, असे उत्तर मी दिले. त्यांनी ते प्रबंधातही लिहायला सांगितले. सुधारित प्रतीत त्यावर स्वतंत्र विभाग घातला आणि बचतीचे प्रत्येक कोष्टक शुल्कासह आणि शुल्काविना असे दोन प्रकारे छापले.