आदर म्हणजे लक्ष

आज सत्काराच्या फलकाचा मजकूर तपासायला आला होता, त्यावरून हे लिहावंसं वाटलं.

'आदर' शब्दाचं मूळ संस्कृतातला 'दृ' धातू, म्हणजे क्रियापदाचं मूळ रूप. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, तो 'दृङ् आदरे' (आदर या अर्थी दृ) असा दिलाय, तुदादि नावाच्या गटातला. तो नेहमी 'आ' उपसर्ग घेऊनच येतो: आद्रियते, म्हणजे लक्ष देतो, मान देतो. 'पाहणे' अर्थाचा 'दृश्' वेगळा. दोघांची गल्लत खूप होते. संस्कृतात आदरचा अर्थ काळजी, आस्था असाही आहे. मला हाच अर्थ मोलाचा वाटतो, कारण ज्याच्याकडे लक्षच नाही त्याला मान कसला देणार?

बेळगाव-खानापूर-निपाणीकडे शेजारीच कन्नडचा 'मर्यादे' हा शब्द आहे. 'मर्यादे कोडु' म्हणजे मान दे. मराठीत मात्र मर्यादा म्हणजे आधी सीमा, मग अदब. भाषांतर करताना तो तसाच उचलला की वाक्य बिघडतं. इथल्या कन्नडात 'बर्री' (या, यावं) मधला आदराचा 'री' जे काम करतो, ते मराठीत अनेकवचन करतं: 'अध्यक्ष आले'. आदरणीय लिहून पुढे 'आला' लिहिलं, तर सगळा आदर तिथेच संपला.

फलकावर हमखास चुकणारे शब्द: आदर + आतिथ्य = आदरातिथ्य ('आदरतिथ्य' नव्हे). 'आदरांजली'तला 'ली' मराठीत दीर्घ. कन्नडात 'अंजलि' ऱ्हस्व, म्हणून दोन्ही भाषांचं काम करणाऱ्या छापखान्यात हा घोळ होतो. आणि आदरांजली दिवंगतांना वाहतात. जिवंत माणसाच्या सत्काराला 'सादर निमंत्रण' पुरे.