स्ट्रक्टमध्ये न मावणारी फाइल

बीएमपी चित्रं वाचणारा, सी-मध्ये लिहिलेला एक जुना प्रोग्राम माझ्याकडे दुरुस्तीला आला. ३०० बाय २०० पिक्सेलचं, २४ बिटांचं साधं चित्र दिलं तर तो फाइलची साइझ सांगायचा २. आणि पिक्सेल कुठून सुरू होतात? तर म्हणे २६,२१,४४०व्या बाइटपासून! अख्खी फाइल १,८०,०५४ बाइट्सची.

अशा वेळी मी डीबगरच्या आधी हेक्सडंप काढते, म्हणजे फाइलचे बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) छापून पाहते. सुरुवातीचे बाइट होते ४२ ४डी ५६ बीएफ ०२ ००. पहिले दोन म्हणजे ‘बीएम’ ही फॉरमॅटची खूण. पुढचे चार म्हणजे फाइलची साइझ, पण लिटल एंडियन, म्हणजे लहान बाइट आधी, म्हणून उलट्या क्रमाने लावायचे: ०००२बीएफ५६, म्हणजे बरोबर १,८०,०५४. फाइल ठणठणीत होती.

मग हेडरचा, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीचा, स्ट्रक्ट पाहिला; स्ट्रक्ट म्हणजे मेमरीत ओळीने मांडलेल्या रकान्यांचा गट. खुणेला दोन बाइट, साइझला चार, दोन-दोन बाइटांचे दोन राखीव रकाने आणि शेवटी चार बाइटांचं ऑफसेट, म्हणजे पिक्सेल कितव्या बाइटपासून सुरू होतात तो आकडा. बेरीज १४. स्ट्रक्टची लांबी सांगणारं साइझऑफ छापलं तर १६! चार बाइटांचा आकडा कंपायलरला चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावर हवा असतो, म्हणून त्याने खुणेनंतर दोन रिकाम्या बाइटांचं पॅडिंग गुपचूप घातलं होतं. आणि एफरीड हे वाचणारं फंक्शन फाइल थेट त्या स्ट्रक्टवर ओतत होतं. साइझच्या जागी येऊन बसले ०२ ०० ०० ००. तो २ तिथला. ऑफसेटच्या जागी आले ०० ०० २८ ००, म्हणजे तेच २६,२१,४४०, आणि त्यातला २८ (हेक्समधला, म्हणजे ४०) तर पुढच्या हेडरचा होता, त्याची लांबी ४० आहे हे सांगणारा.

‘पॅक्ड लाव, झालं’ (म्हणजे पॅडिंग घालू नको असं कंपायलरला सांग) हा सल्ला लगेच मिळाला. मांडणी त्याने जमते, खरं आहे. पण ती सोय भाषेची नाही, कंपायलरची. आतल्या रकान्याचा पत्ता दुसऱ्या फंक्शनला दिला की जीसीसी हा कंपायलर कुरकुर करतो, आणि मोठा बाइट आधी ठेवणाऱ्या बिग एंडियन मशीनवर आकडे उलटे ते उलटेच. बफरमधल्या (मेमरीत वाचून ठेवलेल्या बाइटांमधल्या) जागेवर पॉइंटर कास्ट करून, म्हणजे तो पत्ता चार बाइटांच्या आकड्याचाच आहे असं मानून, वाचायचं म्हटलं, तर चित्राची रुंदी १८व्या ऑफसेटला आहे. तिला चारने भाग जात नाही. एक्स८६ ते चालवून घेतं, सगळे प्रोसेसर घेत नाहीत. शिवाय स्ट्रिक्ट एलिएसिंगचा (एका प्रकारची मेमरी दुसऱ्याच प्रकारची म्हणून वाचू नये, हा) नियम मोडतो तो वेगळाच; ऑप्टिमायझेशन वाढवलं की त्याची फळं दिसतात.

शेवटी स्ट्रक्टवर ओतणं बंद केलं. बफर आणि जागा घेऊन चार बाइट शिफ्ट करून (त्यांचे बिट डावीकडे सरकवून) जोडणारं एक छोटं फंक्शन लिहिलं, दोन बाइटांसाठी तसंच दुसरं. यात एक खाच आहे. बाइट शिफ्ट करताना आपोआप इंट (चिन्ह असलेला पूर्णांक) होतो, आणि वरचा बाइट हेक्समध्ये ८० किंवा जास्त असेल तर २४ घरं सरकवल्यावर तो चिन्ह सांगणाऱ्या साइन बिटवर आदळतो. म्हणून आधी ३२ बिटांच्या अनसाइन्डमध्ये (चिन्ह नसलेल्या आकड्यात) कास्ट, मगच शिफ्ट. बफरही अनसाइन्ड कॅरचाच (कॅर म्हणजे एका बाइटाचा प्रकार) हवा. नुसता कॅर बऱ्याच ठिकाणी साइन्ड असतो, तिथे एफएफ म्हणजे उणे एक. हे सगळं हळू पडेल अशी शंका एकाने काढली, तर असेंब्ली उघडून दाखवली: चार बाइटांची ती जोडाजोड कंपायलरने मेमरीतून वाचणाऱ्या एकाच लोडमध्ये गुंडाळली होती.

वाचन बफरबाहेर जाऊ नये म्हणून केलेली हद्दीची तपासणी ‘जागा अधिक ४’ अशी ठेवली नाही, कारण फाइलमधून आलेली जागा प्रचंड असेल तर बेरीजच ओव्हरफ्लो होऊन पुन्हा लहान दिसते. बफरची लांबी किमान ४ आहे का ते आधी पाहायचं, मग जागा ‘लांबी वजा ४’च्या आत आहे का ते.

चित्राच्या उंचीने मात्र शेवटपर्यंत पिडलं. ती साइन्ड असते. ऋण असेल तर ओळी वरून खाली, एरवी खालून वर. ऋण उंचीचं चिन्ह बदलून घेतलं की काम भागतं, फक्त उणे २,१४,७४,८३,६४८ सोडून, कारण तेवढा धन आकडा ३२ बिटांच्या इंटमध्ये बसतच नाही. तशी फाइल आली तर प्रोग्राम आता एरर देऊन तिथेच थांबतो.