तुम्ही विचारलंत म्हणून: कोरोनाच्या साथीत कलाकारांना सरकारी पैसा कशाला?

दवाखान्यात खाटा मिळत नव्हत्या, तेव्हा नाटकवाल्यांना कशाला पैसे? हे मला बऱ्याचदा विचारतात. माझं उत्तर छोटं आहे. त्यांचं काम सरकारी आदेशानं बंद झालं होतं. ज्याचा हुकूम, त्यानं भरपाईचंही बघावं. कलेच्या थोरवीचा इथे संबंधच नाही.

मला जास्त छळतो तो पुढचा प्रश्न: पैसा पोचला कुणापर्यंत? ब्रिटननं जुलै २०२० मध्ये १.५७ अब्ज पौंड जाहीर केले. आकडा दणदणीत, पण तो मुख्यतः संस्थांसाठी होता. थिएटरं, संग्रहालयं तगली, चांगलंच झालं. नट, वादक, प्रकाशयोजना करणारे मात्र बहुतेक फ्रीलान्सर. त्यांच्यासाठी स्वयंरोजगाराची वेगळी योजना होती आणि तिची अट अशी की निदान निम्मी कमाई स्वतःच्या धंद्यातली हवी. थोडी नोकरी, थोडे प्रयोग असं करून जगणारे कितीतरी जण त्यातून गळले.

जर्मनीत तर कमालच. केंद्राची पहिली तातडीची मदत फक्त धंद्याच्या खर्चाला: जागेचं भाडं, हप्ते वगैरे. घरीच रियाज करणाऱ्या व्हायोलिनवादकानं कुठलं भाडं दाखवायचं? त्याचा खर्च म्हणजे तो स्वतः, आणि पोटासाठी ते पैसे वापरायची मुभा नव्हती. ऑस्ट्रेलियात हंगामी कामगाराला वेतन-अनुदान हवं तर एकाच मालकाकडे वर्षभर काम केलेलं असावं लागे. एका कंपनीत वर्षभर टिकणारे रंगकर्मी असे असतात तरी किती?

फ्रान्सचं मला आवडलं. तिथे १२ महिन्यांत ५०७ तास काम भरलं की कलाकार-तंत्रज्ञांना दोन कामांमधल्या काळात बेकारी भत्ता मिळतो. ही व्यवस्था साथीच्या कितीतरी आधीची. साथीत तास भरणं अशक्य झालं, तेव्हा सरकारनं आधीपासून हक्क असलेल्यांची मुदत ३१ ऑगस्ट २०२१ पर्यंत वाढवली, पुढे आणखी. नोंद आधीच होती, म्हणून हे जमलं. नुकतेच या क्षेत्रात आलेले मात्र तिथेही बाहेरच राहिले.

आयर्लंडनं २०२२ मध्ये २,००० कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो द्यायला सुरुवात केली. पात्र अर्जांतून चक्क सोडत काढली. काहींना ते खटकलं, मला नाही. कुणाचं काम थोर हे ठरवायला समिती बसली असती, तर आधीच नावारूपाला आलेल्यांचीच वर्णी लागली असती.