नागाव की नवगाव

मांडव्याला रो-रो सुरू झाल्यापासून आमच्याकडचं कुणी भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच धरत नाही. मी मुद्दाम धरली. माझे पणजोबा १७ जुलै १९४७ ला सकाळी आठच्या सुमारास याच धक्क्यावरून ‘रामदास’ बोटीत चढले होते. दिव्यांची अवस होती, सणाला घरी पोचायचं होतं. काशाच्या खडकाजवळ बोट कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईला कितीतरी वेळ पत्ताच नव्हता. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी हाताला लागतील तेवढी माणसं आपल्या होड्यांत ओढून घेतली. पणजोबा त्यांत नव्हते. लाँचवरच्या खलाशाला खडक कुठे म्हणून विचारलं, तर त्याने नुसता हात केला, ‘त्या अंगाला.’ तेवढ्यानेही माझ्या पोटात खड्डा पडला.

रेवस ते अलिबाग एसटी, पुढे नागाव विक्रम रिक्षाने. किनाऱ्याबद्दल न लिहिलेलंच बरं. वाळूत चारचाकी मोटारबाईकी घरघरत होत्या, पॅराशूटवाले ओरडत होते. सुपारीच्या वाड्या मात्र अजून आहेत, आणि आत शिरलं की आवाज एकदम तुटतो.

आत्याच्या घरी पाहुणे होते म्हणून पहिली रात्र एका होमस्टेत काढली. जुन्या वाड्याचा थाट, झोपाळा, पितळी घंगाळ, आणि भिंतभर जुने फोटो. पागोटं घातलेले गृहस्थ, नऊवारीतल्या बायका, मांडीवर बाळ. मालकांना विचारलं, हे तुमच्यातले कोण? ते म्हणाले, ‘कुणी नाही हो, चोरबाजारातून आणलेत. लोकांना आवडतात.’ मला रात्री नीट झोप लागली नाही. त्या बाळाचं कुणीतरी कुठेतरी असेल, आणि त्याला हा फोटो कधीच दिसणार नाही. घरातले फोटो रद्दीत देऊ नका हो. देणारच असाल तर निदान मागे नावं लिहा.

माझ्या बॅगेत पणजोबांचा एकच फोटो होता, मुंबईच्या स्टुडिओतला. धोतर, कोट, काळी टोपी, हातात मिटलेली छत्री, मागे रंगवलेला जिना. पाठीवर शाईने लिहिलंय, ‘मु. नागाव, ता. अलिबाग, जि. कुलाबा.’ कुलाब्याचं रायगड १९८१ साली झालं, म्हणजे पत्ता त्याआधीचा, एवढंच त्यावरून कळायचं. बाकी सगळं आत्याकडे.

आत्या माझ्या बाबांची चुलत बहीण, वय अठ्ठ्याहत्तर. ती पणजीच्या हाताखाली वाढली. फोटो हातात घेतला आणि काही न बोलता माजघरातली पत्र्याची पेटी ओढून आणली. डांबरगोळ्यांचा वास, खाली एक विटकी इरकल, इरकलीच्या घडीत एक कात्रण. ते जाड कागदावर खळीने चिकटवलेलं होतं, पण एक कडा सुटली होती. ती उचलून पाहिली तर मागे सीमा कमिशनपुढच्या सुनावणीची अर्धी बातमी. देशाचे तुकडे कसे पाडायचे ते ठरत होतं, आणि पुढच्या बाजूला बुडालेल्यांची यादी. कसरीने दोन-तीन ओळी खाल्ल्या होत्या. पणजोबांची ओळ शाबूत होती. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं बरोबर. गाव मात्र छापलं होतं नवगाव.

नागाव अलिबागच्या दक्षिणेला, नवगाव उत्तरेला थळजवळ. खिळे जुळवणाऱ्याच्या हातून झालं असेल, सांगणाऱ्याच्या तोंडून झालं असेल. पणजीला वाचता येत नव्हतं. धाकट्या दिरांनी यादी वाचून दाखवली आणि म्हणाले, ‘वहिनी, नाव सारखं आहे, पण माणूस नवगावचा आहे. आपला नाही.’

‘त्यांना कळलं नसेल का गं?’ मी विचारलं.

‘कळलं नसेल कसं? बापाच्या नावासकट छापलंय,’ आत्या म्हणाली. ‘पण वहिनी समोर बसली होती, कडेवर पोर, घासलेले दिवे तसेच पाटावर. कुणाची जीभ उचलेल?’

प्रेत मिळालं नव्हतं. पणजीने ते कात्रण मागून घेतलं. आपला माणूस जिवंत असल्याचा पुरावा म्हणून एका निरक्षर बाईने ते इरकलीत जपलं. कुंकू लावत राहिली. त्यानंतर बारा वटपौर्णिमा पुजल्या. आळीतल्या बायका हळदीकुंकवाला बोलवायच्या, काही बोलवायच्या नाहीत. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची रीत होती. मग १९५९ च्या पावसाळ्यात भटजींनी पळसाच्या पानांचा पुतळा करून क्रिया केली. आत्या तेव्हा अकरा-बारा वर्षांची. ‘आजीने त्या दिवशी सकाळी स्वतःच्या हाताने कुंकू पुसलं,’ ती म्हणाली, ‘आणि दिरांना जवळ बोलावून म्हणाली, भावजी, मला तेव्हाच ठाऊक होतं.’

मग आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही. मला त्या चुलत पणजोबांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्यांनी एका बाईला बारा वर्षं दिली, आणि तिने ती त्यांचा मान राखून घेतली, असं मला वाटतं. पेपरवाल्यांचा मात्र राग आला. सहाशे घरांत ती यादी वाचली गेली असणार.

संध्याकाळी वाडीत पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, बाहेर पेटलेला काटक्यांचा जाळ. होमस्टेतल्या थाळीपेक्षा शंभर पटीने सरस. आत्याच्या नातवाने फोनवर कात्रणाचे फोटो काढून दिले. मूळ कागद ती देणार नाही, आणि मीही मागितला नाही.

परतताना नवगावला गेले. त्या नावाचा तिथला कुणी खरंच बोटीत होता का, हे विचारायचं होतं. दोन म्हाताऱ्या कोळणी भेटल्या. त्यांच्या आळीतलं कोण गेलं ते त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. आमचं आडनाव तिथे कधी नव्हतंच, म्हणाल्या. तरी नवगावचं कुणी हे वाचत असेल तर घरातल्या मोठ्यांना विचारून मला जरूर कळवा. पुढच्या महिन्यात दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जुन्या अंकांची चौकशी करणार आहे. पेपरने पुढे कधी दुरुस्ती छापली का, ते बघायचंय.