७२ तास मेन स्विच बंद : घराच्या तयारीचा माझा अनुभव

पुढच्या दाराला तिसरी कडी बसवून झाली त्या रात्री मला कित्येक महिन्यांनी शांत झोप लागली. दार, चौकट, खिडक्यांचे ग्रिल, मागच्या दाराचा अडसर, सगळं मनासारखं झालं होतं. बाहेर उद्या काहीही होवो, घरात कोणी शिरणार नाही एवढं मी पक्कं केलं होतं. घरातल्यांना बाहेर पडता येईल का, हे मात्र पाच महिने माझ्या मनातही आलं नाही. ते कळलं आम्ही घेतलेल्या चाचणीच्या दुसऱ्या रात्री.

त्याआधी एकदा वीज गेली ती १९ तास आली नव्हती. पंप बंद, म्हणून नळाला पाणी नाही. काही तासांनी मोबाईलची रेंज गेली. पैसे काढायचं मशीन बंद. दाराचं इलेक्ट्रॉनिक कुलूप बॅटरी उतरत आल्याचा आवाज देत राहिलं. वीज आली आणि दोन दिवसांत सगळे विसरून गेले, पण मला विसरता आलं नाही. माझे सासरे, आमचे बाबा, ७८ वर्षांचे आहेत, रक्तदाबाच्या गोळ्या रोज लागतात. मुलगा ११ वर्षांचा. १९ तासांऐवजी १९ दिवस गेले असते तर, हा विचार डोक्यातून जाईना.

मग वाचायला लागले. व्यवस्था कोलमडणं म्हणजे एका रात्रीत दंगल आणि लुटालूट, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे होतं. प्रत्यक्षात जिथे जिथे हे घडलं तिथे ते तुकड्यातुकड्याने आलेलं दिसतं. एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६ बोस्नियातलं सारायेव्हो शहर युद्धात वेढ्यात होतं. ती जवळजवळ चार वर्षं तिथल्या माणसांचा दिवस जायचा तो पाण्याचे कॅन भरून आणण्यात आणि जाळायला लाकूड शोधण्यात. लोकांनी फर्निचर जाळलं, पुस्तकं जाळली. पाण्याच्या रांगेत उभं राहणंही जिवावरचं होतं. अर्जेंटिनात डिसेंबर २००१ मध्ये रस्ते, वीज, दुकानं जागेवर होती, पण बँकेतले स्वतःचे पैसे काढायला मर्यादा आली, आणि देश रस्त्यावर उतरला. कॅरिबियनमधल्या प्युर्टो रिको बेटावर सप्टेंबर २०१७ च्या चक्रीवादळानंतर काही भागांत वीज परत यायला जवळपास वर्ष लागलं. हे सगळं मी वाचलं, समजलं, आणि तरीही पहिलं काम दाराचंच काढलं. भीती वाटली की माणूस आधी दाराकडे धावतो, तसंच माझं झालं.

दाराच्या कामात शिकायला मात्र पुष्कळ मिळालं. माझी समजूत होती की कुलूप महागातलं घेतलं की झालं. सुताराने कुलपाकडे पाहिलंही नाही. कुलपाचा दांडा चौकटीवरच्या ज्या लोखंडी पट्टीत शिरतो तिचा स्क्रू त्याने काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. जेमतेम पाऊण इंचाचा. "ताई, सगळा भार यावर आहे," तो म्हणाला. दारावर लाथ बसली की कुलूप सहसा तुटत नाही, ही पट्टी चौकटीचा तुकडा घेऊन निघून येते. त्याने तिथे जाड आणि लांब पट्टी लावली, चौकट ओलांडून मागच्या भक्कम भागात जाणारे तीन इंची स्क्रू घातले, आणि बिजागऱ्यांचेही स्क्रू तसेच बदलले. मागचं दार बाहेर उघडणारं असल्यामुळे त्याच्या बिजागऱ्यांच्या पिना बाहेरून ठोकून काढता येत होत्या, तिथे पिन न निघणाऱ्या बिजागऱ्या बसवल्या. इथेच थांबायला हवं होतं, असं आज वाटतं. पण मी वरची तिसरी कडी लावून घेतली, दोन्ही बाजूंनी किल्लीने उघडणारं कुलूप बसवलं, म्हणजे काच फोडून आत हात घातला तरी उघडता येऊ नये, आणि ग्रिलच्या उघडणाऱ्या भागाला आतून टाळं ठोकलं. किल्ल्यांचा जुडगा चोराला सापडू नये म्हणून कपाटाच्या खणात.

चाचणीची कल्पना नवऱ्याची. "तीन दिवस मेन स्विच बंद करू, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करू, आणि बघू," तो म्हणाला. शुक्रवारी संध्याकाळी ६ वाजता सुरुवात केली.

पहिला धक्का ६ वाजून १ मिनिटाने. आमच्या छतावर सोलर पॅनल आहेत, आणि वीज गेली तरी दिवसा ते चालतील असं मी धरून चालले होते. मेन बंद केल्याबरोबर सोलरचा इन्व्हर्टरही बंद पडला. ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या वीजपुरवठ्याच्या जाळ्याला जोडलेली, बॅटरी नसलेली यंत्रणा ग्रिडची वीज गेली की आपोआप बंद होते, आणि ते मुद्दाम तसं केलेलं असतं. नाहीतर घरातली वीज उलटी तारांमध्ये जाऊन दुरुस्ती करणाऱ्या कामगाराचा जीव जाईल. म्हणजे डोक्यावर लखलखीत ऊन आणि घरात अंधार. ज्यांच्या छतावर पॅनल आहेत त्यांनी बसवणाऱ्याला हा एक प्रश्न आजच विचारावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पाण्याचं गणित दुसऱ्या संध्याकाळी कोसळलं. माणशी दिवसाला पिण्या-शिजवण्यासाठी चार लिटर, असा हिशेब करून आम्ही चौघांसाठी ६० लिटर साठवलं होतं. तीन दिवसांचे ४८ लिटर होतात, वर १२ शिल्लक. कागदावर बरोबर. पण फ्लशच्या टाकीत एका वेळेला सहा ते नऊ लिटर पाणी जातं, आणि ते मी मोजलंच नव्हतं. मदतकार्यात काम करणाऱ्या संस्था धुणं-स्वच्छता धरून माणशी दिवसाला किमान १५ लिटर धरतात. त्या हिशेबाने आम्हाला १८० लिटर हवं होतं. शनिवारी संध्याकाळी २० लिटरचा शेवटचा कॅन उघडताना मी आणि नवरा एकमेकांकडे पाहत राहिलो, दोघंही काही बोललो नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही दोन बादल्यांची पद्धत सुरू केली. लघवीची बादली वेगळी, शौचाची वेगळी, आणि शौचाच्या बादलीत दर वेळी वरून मूठभर लाकडाचा भुसा किंवा राख. दोन्ही एकत्र झालं की वास असह्य होतो, वेगळं ठेवलं आणि वर कोरडं टाकलं की घरात राहता येतं. लिहायला संकोच वाटतो, पण व्यवस्था बंद पडते तेव्हा लोक हगवणीने आजारी पडतात, आणि त्याची सुरुवात इथूनच होते. बाबांसाठी त्या बादलीवर जुन्या खुर्चीची बैठक कापून बसवावी लागली.

आता ती रात्र. पंखा बंद, म्हणून सगळे घरातल्या बोळाच्या बाजूला दारं उघडी ठेवून झोपलो होतो. बाबा रात्री उठतात म्हणून मी बोळात एका बशीत मेणबत्ती लावून ठेवली होती. अडीचच्या सुमारास वाऱ्याने पडदा तिच्यावर आला. मला जाग आली ती जळक्या वासाने. पडद्याची खालची कड धुमसत होती आणि बोळ धुराने भरत चालला होता. नवऱ्याने पडदा ओढून खाली पाडला आणि पिण्याच्या पाण्याचा कॅन त्यावर ओतला. आग विझली, पण धूर तसाच होता. मुलाला घेऊन मी पुढच्या दाराशी आले तर बाबा तिथे आधीच पोचलेले. खालची कडी त्यांनी काढली होती, मधली काढली होती. वरच्या कडीपर्यंत त्यांचा हात जात नव्हता. उजवा खांदा त्यांचा कित्येक वर्षं दुखतो, हे मला माहीत होतं. ते डाव्या हाताने चाचपडत होते आणि खोकत होते. मी वरची कडी काढली, दार ओढलं, ते हललं नाही. कुलूप किल्लीचं, आणि किल्ली कपाटाच्या खणात, धुराच्या पलीकडे. नवरा परत आत गेला. जुडग्यात नऊ किल्ल्या, सगळ्या सारख्या, टॉर्च माझ्या हातात आणि हात थरथरत होता. चौथी की पाचवी किल्ली लागली.

कोणालाही इजा झाली नाही. आम्ही पहाटेपर्यंत पायरीवर बसून होतो. उजाडल्यावर बाबा म्हणाले, "अगं, ती वरची कडी मला जमत नाही. बसवलीस त्याच दिवशी सांगणार होतो. पण तू एवढी निर्धास्त दिसत होतीस, म्हणून राहू दिलं."

चाचणी आम्ही तिथेच थांबवली, ३६ तासांवर. पुढच्या आठवड्यात सुताराला परत बोलावलं. वरची कडी काढून टाकली. कुलूप बदलून आतल्या बाजूला किल्लीऐवजी हाताने फिरवायची मूठ असलेलं घेतलं, आणि शेजारच्या काचेला आतून जाळी लावली म्हणजे बाहेरून हात मुठीपर्यंत पोचणार नाही. मागचा अडसर कमरेच्या उंचीवर आणला. ग्रिलचं टाळं गेलं, तिथे आतून एका खटक्यात उघडणारी कडी आली. तीन इंची स्क्रू आणि पिन न निघणाऱ्या बिजागऱ्या तशाच आहेत, त्यांनी कोणाची वाट अडत नाही. मजबुतीचं काम दिसत नाही अशा जागी करावं आणि उघडणं एका हाताने जमावं, हे मी आता कोणालाही सांगते. मेणबत्त्या घरातून हद्दपार. बॅटरीवर चालणारे धुराचे अलार्म बोळात आणि झोपायच्या खोल्यांत लावले.

कार्बन मोनॉक्साइडचाही अलार्म घेतला. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये थंडीत वीज गेली तेव्हा घरात कोळसा पेटवून, बंद गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवून कित्येकांना या वायूची बाधा झाली, काही दगावले. त्याला रंग नाही, वास नाही. जनरेटर घ्यायचा झाला तर तो घराबाहेर, खिडक्या-दारांपासून निदान सहा मीटर लांब. आम्ही तो घेतलाच नाही. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची साधी बॅटरी घेतली. तिच्यात १२०० वॉट-अवर असतात, पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर खराब होते, म्हणून ६०० धरायचे. पाच-पाच वॉटचे तीन दिवे पाच तास, दोन मोबाईल आणि रेडिओ, एवढ्यावर पाच दिवस निघतात. एक सुटं छोटं पॅनल तिला दिवसा भरतं.

पाण्यासाठी आता २०० लिटरची टाकी आणि कॅन आहेत. टाकी संपली तर बाहेरचं पाणी कापडातून गाळून उकळायचं, खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, दोन हजार मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं. इंधन नसेल तर पाच-सहा टक्क्यांचं बिनवासाचं ब्लीच, स्वच्छ पाण्याला लिटरमागे दोन थेंब, ढवळून अर्धा तास थांबायचं. ब्लीचची ताकद काही महिन्यांत उतरत जाते, बाटलीवर खरेदीची तारीख लिहून ठेवलीत तर बरं. औषधांबद्दल डॉक्टरांशी बोलले. त्यांनी महिनाभराच्या जास्तीच्या गोळ्या लिहून दिल्या. नवीन पाकीट मागे, जुनं पुढे, एवढीच शिस्त पाळायची. सुट्या नोटा आणि कागदपत्रांच्या प्रती एका पिशवीत दाराजवळ असतात.

हत्यार ठेवावं का, असं नवऱ्याने एकदा विचारलं होतं. त्या रात्री धुरात, अंधारात, तीन माणसं एकमेकांवर आदळत असताना हातात हत्यार असतं तर काय झालं असतं, एवढाच विचार आम्ही केला आणि विषय संपला.

सगळ्यात जास्त घोळलेला प्रश्न, शेजाऱ्यांना सांगायचं का? या विषयावर लिहिणारे बरेच जण म्हणतात, साठा कोणाला कळू देऊ नका. मला त्यांची भीती समजते, मी स्वतः तीच बाळगून होते. पण १९९५ च्या जपानमधल्या कोबेच्या भूकंपात ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलं, कारण पथकं पोचायला वेळ लागतो. मी दोन घरांना सांगितलं. एका घरी निवृत्त परिचारिका आहेत, दुसऱ्या घरी हातपंप. आमच्या पुढच्या दाराची एक किल्ली आता परिचारिकाबाईंकडे असते आणि त्यांची आमच्याकडे. पाच महिन्यांपूर्वी ही गोष्ट मला वेडेपणा वाटली असती.

दुसरी चाचणी सहा महिन्यांनी घेतली आणि ७२ तास पूर्ण केले. पाणी २२ लिटर उरलं. दुसऱ्या रात्री, न सांगता, मुलाने शिट्टी वाजवली. शिट्टी वाजली की सगळ्यांनी बाहेर पडायचं, दिवा कोणी लावायचा नाही, असं ठरलं होतं. बाबा पलंगावरून उठले, भिंतीला हात लावत बोळातून आले, कडी काढली, मूठ फिरवली आणि बाहेर पायरीवर जाऊन उभे राहिले. मुलाने घड्याळ पाहिलं आणि सकाळी दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने आकडा लिहिला, ४१ सेकंद. बाबांनी तो चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, "पुढच्या वेळी चपला शोधण्यात वेळ घालवणार नाही."