जरा जवळ येऊन बोला

डायनॅमिक माईक खोलीतला गोंगाट गाळतो, असं लोक मोठ्या खात्रीने सांगतात. गाळत वगैरे काही नाही. तो कानाने जरा जड आहे, आणि कानाने जड माणसाशी बोलताना आपण जसे आपसूक पुढे सरकतो तसे त्याच्यापुढेही सरकतो. फायदा त्या सरकण्याचा. तोंड आणि माईक यांच्यातलं अंतर निम्मं केलं की आपला आवाज साधारण सहा डेसिबलने वाढतो. पंखा मात्र होता तिथेच, होता तेवढाच राहतो. श्रेय माईक घेऊन जातो.

त्याच्या पोटात असतं तरी काय? पातळ पडदा, त्याला चिकटलेलं बारीक तारेचं वेटोळं आणि एक चुंबक. आपण बोललो की पडदा थरथरतो, वेटोळं चुंबकाच्या क्षेत्रात मागेपुढे होतं आणि तारेत वीज उमटते. १८३१ साली फॅरडेने दाखवलं ते हेच. बॅटरी नाही, काही नाही. सगळी मेहनत आपल्या श्वासाची, त्यामुळे कमाईही मिलिव्होल्टांतली. श्युअर कंपनीचा एसएम७बी हा माईक तर त्यातही अबोल. बोलण्याच्या आवाजासाठी त्याला साठेक डेसिबल गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, लागतो. माईक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या साध्या इंटरफेसचं बटण तिथवर पिळलं की आवाजाच्या मागोमाग खरखरही वर येते. मग मध्ये एक छोटा बूस्टर जोडतात. गंमत म्हणजे माईकच्याच केबलमधून येणारी ४८ व्होल्टची वीज, म्हणजे फँटम पॉवर, माईकला नको असते, पण या बूस्टरचं तिच्यावाचून चालत नाही. ते बटण दाबताना अनेकांचा हात थरथरतो, उगाच.

जवळ म्हणजे किती? चार बोटांपासून वीतभरापर्यंत. त्याहून आत शिरलं की आवाजाला खर्ज चढतो. रेडिओवरच्या त्या भारदस्त आवाजात या प्रॉक्सिमिटी इफेक्टचा वाटा बराच असतो, आणि एकदा त्याची चटक लागली की माणूस माईक चावायचाच काय तो बाकी ठेवतो. इलेक्ट्रोव्हॉइसच्या १९६८ सालच्या आरई२०मध्ये हा फुगवटा आवरण्याची सोय माईकच्या रचनेतच आहे. एसएम७बीला खर्ज छाटायचा स्विच पाठीमागे आहे. मी तो स्विच वापरत नाही. थोडं मागे सरकून जे होतं त्यासाठी स्विच कशाला? 'भ' आणि 'फ' मात्र ऐकत नाहीत. त्यांचा झोत थेट पडद्यावर आदळतो, म्हणून माईक ओठांच्या अगदी समोर न ठेवता जरा बाजूला घेऊन तिरका लावावा.

बहुतेक डायनॅमिक माईक पाठीमागून सगळ्यात बहिरे असतात. तेव्हा कॉम्प्युटरचा पंखा माईकच्या पाठीकडे राहील अशी मांडणी करावी. स्टँडवर कंजूषी नको. पाऊण किलोचा माईक लेच्यापेच्या बूम आर्मवर टांगला तर तो बोलता बोलता खाली झुकत जातो, आपणही त्याच्यामागे वाकत जातो, आणि तासाभराने आवाजाबरोबर पाठही गेलेली असते.

देखभाल फारशी नाही. स्पंजची टोपी थुंकीने आणि धुळीने कुबट होते. ती काढून सौम्य साबणाच्या पाण्यात धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच परत चढवावी. टोपी नसताना माईक टेबलावर उघडा पडू देऊ नये, कारण आत चुंबक आहे आणि लोखंडाचा कीस त्याला फार आवडतो.

आणि तपासताना फुंकर मारू नये, टिचक्या तर नाहीच. नेहमीच्या अंतरावरून, नेहमीच्या आवाजात दोन-चार वाक्यं बोलावीत आणि त्यावर गेन लावावा. मोठ्याने हसलं तरी आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी लाल होणार नाही इतकी जागा वर सोडावी. अडचण एवढीच की तपासणीच्या वेळी सगळेच शहाण्यासारखे हळू बोलतात. खदखदून हसणारा खरा हसतो तो रेकॉर्डिंग सुरू झाल्यावरच.